रत्नागिरी शहर बघायला येताय? पाहुणे हमखास विचारतात ते प्रश्न

आमच्या जुन्या घरातल्या माडीवरच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. फोनवर सगळे तेच ते विचारतात, आणि मी प्रत्येकाला निराळं उत्तर देतो अशी घरच्यांची तक्रार आहे. म्हणून एकदाच लिहून ठेवलं. काही उत्तरं लांबली आहेत. घाईत असाल तर ती सोडून पुढे जा.

गणपतीपुळ्याला जाता जाता रत्नागिरी अर्ध्या दिवसात होईल का?

होईल की. थिबा राजवाड्यापुढे फोटो, भाट्याला शहाळं, राम आळीत आंबापोळी, आणि गाडी पुळ्याच्या रस्त्याला. बहुतेक लोक असंच करतात आणि परत गेल्यावर "तिथे विशेष काही नाही" म्हणून सांगतात.

शहर कळायला दोन रात्री तरी राहा. १८२२ साली जिल्ह्याचं ठाणं बाणकोटहून इथे आलं, आणि मग कचेऱ्या, तुरुंग, वकील, शाळा असं सगळं पाठोपाठ आलं. नगर वाचनालय १८२८ चं आहे. म्हणजे गाव कारकुनांचं आणि वकिलांचं, बंदर खारवी आणि दालदी मच्छीमारांचं, आजूबाजूचे डोंगर कुळांचे आणि खोतांचे. ही सगळी माणसं पाच-सात किलोमीटरच्या टापूत एकमेकांना खेटून राहत आली. पैसेवाल्यांचं एक गाव आणि गरिबांचं दुसरं, अशी वाटणी इथे करता येत नाही. एकाच बोटीवर, एकाच बागेत, कधी कधी तर एकाच घराण्यात दोन्ही टोकं सापडतात. पुढच्या उत्तरांत ते येईलच.

यायचं कसं?

रेल्वेनं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय, त्याविषयी मी काही बोलत नाही. गाडीनंच येणार असाल तर हातखंब्याच्या तिठ्यावर शहराकडे वळा.

कोकण रेल्वे १९९८ च्या २६ जानेवारीला पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्याआधी मुंबईहून येणं म्हणजे एसटीत अख्खी रात्र आणि सकाळी मान धरलेली. आता वंदे भारत आहे, जनशताब्दी आहे, मांडवी आणि कोकणकन्या आहेत. आणि दिवा स्टेशनहून येणारी पॅसेंजर आहे. वेळ असेल तर एकदा तिनं या. वंदे भारतमध्ये समोरचा माणूस लॅपटॉप उघडून बसतो, पॅसेंजरमध्ये समोरची बाई तुमचं गाव विचारते, मग वाडी विचारते आणि शेवटी कोणाचा कोण ते शोधून काढते. उक्षी सोडल्यावर करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो. तो संपला की सामान काढायला घ्या.

स्टेशन शहरात नाही, कुवारबावला आहे. तिथून रिक्षा किंवा एसटीची शहर बस. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रक बदलतं आणि गाड्या हळू चालतात, तेव्हा तिकिटावरची वेळ बघून निघा, गेल्या वर्षीची आठवून नको.

कोणत्या महिन्यात यावं?

आंब्यासाठी एप्रिल-मे, पण उकाड्याची तक्रार करायची नाही. शिमग्याला आलात तर श्री देव भैरीची पालखी बघायला मिळेल. त्या दिवसांत खोली मागू नका, आमचेच पाहुणे असतात. समुद्र बघायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस बघायचा तर जुलै, पण मग ताजी मासळी फारशी नसते. का ते खाली सांगितलंय.

थिबा राजवाड्यात आहे काय? काही जण म्हणतात रिकामा आहे.

रिकामाच आहे असं म्हणा. खाली वस्तुसंग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं. वस्तूंपेक्षा इमारत बघा. जांभ्याच्या भिंती, उतरती छपरं, वरच्या मजल्यावर अर्धगोल लाकडी खिडक्या. आणि गच्चीच्या बाजूला उभं राहून खाडीकडे बघा, कारण तो राजाही तेच बघत बसायचा.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडाले घेतलं, राजाला आधी मद्रासेला नेलं आणि १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं. रत्नागिरी का? बोटीशिवाय येणं अवघड, पावसाळ्यात तर बोटीनंही नाही, आणि ब्रह्मदेशापासून जितकं लांब तितकं बरं. कैदेचं ठिकाण म्हणून सरकारला हे गाव आवडत असावं. पुढे १९२४ ते १९३७ सावरकरांनाही याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं.

राजवाडा १९१० साली तयार झाला, म्हणजे राजा आल्यावर तब्बल चोवीस वर्षांनी. तोवर तो सरकारनं दिलेल्या बंगल्यांत राहिला. येताना बरोबर माणकं-हिरे होते. पेन्शन अपुरं पडायचं, नोकरचाकर पुष्कळ, हात सढळ. मग एकेक रत्न गावातल्या सावकार-व्यापाऱ्यांकडे जाऊ लागलं. गावाच्या नावातच रत्न आहे, त्यात ही भर. राजवाड्यात राहायला गेल्यावर सहा वर्षांत, १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला. राणी सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परत गेली. राजा इथेच राहिला. शिवाजीनगर भागात त्याची समाधी आहे. आजूबाजूला साधी घरं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि मध्ये एका राजाचं थडगं. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. एरवी तिथे जाणारा पाहुणा विरळा.

राजाचे वंशज अजून रत्नागिरीत आहेत, त्यांना भेटता येईल का?

हा प्रश्न आला की मला पुढची गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगितल्यावर उत्तर "नाही" असं असतं.

राजाची थोरली मुलगी राजाकडे कामाला असलेल्या गोपाळ सावंताच्या प्रेमात पडली. तो लग्न झालेला माणूस. १९०६ मध्ये तिला मुलगी झाली, टूटू. राजकन्या राणीबरोबर ब्रह्मदेशात गेली खरी, पण पुन्हा रत्नागिरीला आली आणि इथेच १९४७ मध्ये वारली. टूटूचं लग्न इथल्याच एका ड्रायव्हरशी झालं. ती बोलायची रत्नागिरीचं मराठी, नेसायची लुगडं, शेणी थापून विकायची, कागदाची फुलं करायची. सिंहासनावर बसलेल्या राजाची सख्खी नात. २००० साली ती गेली.

गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ती आठवते. त्यांच्या सांगण्यात कीव नसते. मुलाबाळांचं करणारी, कष्टाची बाई होती, एवढंच सांगतात. राजवाडा बघून खाली उतरताना ही गोष्ट आठवली तर पुरे. कुणाचं घर शोधत हिंडू नका. तीही माणसं सकाळी कामाला जातात.

मिरकरवाडा बंदरावर जाता येतं का? कधी जावं?

जाता येतं आणि जावंच. पहाटे किंवा दुपार कलल्यावर, बोटी लागतात तेव्हा. पांढरे बूट घालू नका. खाली बर्फाचं, रक्ताचं आणि डिझेलचं एकत्र पाणी असतं, त्यात सरळ चालता येणाऱ्या चपला हव्यात. वास येतो. बंदर आहे, वास येणारच.

धक्क्यावर एका जागी उभे राहा, वाटेत नको. बोटीच्या पोटातून माल वर येतो, बर्फाच्या भुग्यात दडपलेला. सुरमई, बांगडा, म्हाकुल, कोळंबी, कधी नुसतीच तारली. ढीग पडला की बोली सुरू. लिलाव करणारा इतक्या वेगानं आकडे म्हणतो की शहरातल्या माणसाला भजन वाटावं. मोठा माल व्यापारी उचलतात, तो गाड्यांत भरून कारखान्यांकडे आणि निर्यातीला जातो. उरलेला बायका पाट्यांतून घेतात आणि तासाभरात तीच मासळी तुम्हाला बाजारात दिसते.

आता जरा बोटीकडे बघा. मोठ्या पर्ससीन जाळ्याच्या बोटीची किंमत लाखात मोजत नाहीत. मालक धक्क्यावर उभा असतो, पायात साधी चप्पल, कोपऱ्यावर लावलेली गाडी मात्र साधी नसते. बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, बहुतेक इथला, खलाशी बहुतेक नेपाळचे. ज्यांच्या देशाला समुद्रच नाही ती पोरं आमच्या समुद्रात जाळी ओढतात. मी एकदा एका पोराला विचारलं, पोहता येतं का? तो जाळ्याच्या ढिगावर बसून मोबाईलवर आईशी बोलत होता. आईला मध्येच थांबवून त्यानं हसत मान हलवली, नाही. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना दोरानं पडलेल्या खाचा होत्या, त्यात मीठ जाऊन पांढऱ्या झालेल्या. मग कॅमेरा फिरवून त्यानं आईला मी दाखवला. मी नमस्कार केला. काय बोलावं ते मला सुचेना.

कमाईचा हिशेब बोटीबोटीवर वेगळा. डिझेल, बर्फ, रेशन वजा जाता कुठे वाटा, कुठे महिन्याचा पगार. मासे कमी लागले तर वाट्याला काय येतं ते सांगायला नको.

बंदरावर दोन तट आहेत असं ऐकलं. ते काय?

पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले. पर्ससीनचं जाळं अख्खा थवाच वेढून उचलतं. लहान होडीवाला म्हणतो, मला काय राहिलं? राज्य सरकारनं २०१६ मध्ये पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठरवून दिले. त्यावरून वाद, मोर्चे, कोर्टकचेऱ्या सुरूच. रात्री झगझगीत एलईडी लावून मासळी गोळा करायची तर बंदीच आहे, तरी भांडणं त्यावरूनही होतात. तुम्ही चहाच्या टपरीवर हा विषय काढू नका. काढलात तर चहा तीनदा घ्यावा लागेल.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. माशांची वीण होते आणि समुद्रही खवळलेला असतो. बोटी वर ओढून शाकारतात, नेपाळी पोरं गावी जातात, आणि बाजारात सुकी मासळी, खाडीची मासळी आणि चढे भाव उरतात. नारळी पौर्णिमेला सोन्याचा म्हणून नारळ सोडला की पुन्हा धक्का गजबजतो.

मच्छीमारांच्या वस्त्या, जुने मोहल्ले फिरून दाखवणारं कुणी आहे का?

नाही, आणि मी तरी दाखवणार नाही. राजिवडा, मिरकरवाडा, पेठकिल्ला ही माणसांची घरं आहेत. दारं रस्त्यावर उघडतात आणि चूल आतून दिसते, म्हणून ती प्रदर्शनं होत नाहीत.

आमच्याकडे उतरलेले एक गृहस्थ मोठा कॅमेरा घेऊन असेच एका वाडीत शिरले होते. मी बरोबर होतो, ही माझी चूक. एक आजी दारात बांगडे वाळत घालत होत्या. यांनी गुडघ्यावर बसून कॅमेरा रोखला. आजींनी मान वर न करता विचारलं, "तुमच्या घरी येऊन मी तुमची न्हाणी बघू काय?" गृहस्थांना मराठी कळत नव्हतं. मला कळत होतं.

त्या वाटांनी जायचं नाही असं नाही. काम काढून जा. सुके बोंबील घ्या, जवळा घ्या, कुठल्याशा दुकानात सरबत प्या. फोटो हवा तर आधी विचारा. बाजारात मासेवाल्या बायका स्वतःच म्हणतात, "नुसता फोटू काय काढता, मासे घ्या." घेतलेत तर त्या पदर सारखा करून चांगला फोटो देतात.

आणि घासाघीस. करा, पण बेतानं. रात्रीच्या खोलीला काय मोजलंत ते आठवा आणि मग बांगड्याच्या वाट्यावर दहा रुपये कमी करायचे की नाही ते ठरवा.

आंब्याच्या बागेत जाता येईल का? खरा हापूस कसा ओळखायचा?

ओळखीनं जाता येतं. कुणाच्या बागेत फाटक ढकलून शिरू नका, कुत्री असतात.

बाग लांबून बघितली तर श्रीमंती दिसते. कातळावर रांगेनं कलमं, मध्ये पंपाचं घर, कधी मालकाचा नवा बंगला. जवळ गेलात की कलमांच्या आड पत्र्याची खोप दिसते. तिथे राखणदार राहतो, पुष्कळदा नेपाळचाच, बायकामुलांसह. पाऊस संपला की येतो, पुढचा पाऊस लागेपर्यंत राहतो. फवारणी करतो, पाणी घालतो, रात्री बॅटरी घेऊन हिंडतो, दिवसा वानरांमागे धावतो. मुलं जवळपासच्या मराठी शाळेत जातात आणि आमच्या मुलांपेक्षा चांगलं मराठी बोलतात. मोहोराला तुडतुडा लागला, अवकाळी पाऊस झाला, थंडी पडली नाही, तर मालक कपाळाला हात लावतो. मालकही सगळे गबर नसतात. बरेच जण बाग कराराने घेतात, औषधं उधारीनं आणतात, आणि वाशीच्या बाजारातल्या दलालानं आधी उचल दिलेली असते. फळ झाडावर असतानाच ते कुणाचं तरी झालेलं असतं.

काढणी बघायला मिळाली तर सोडू नका. लांब काठीला झेला बांधलेला असतो. कोकण कृषी विद्यापीठानं काढलेला नूतन झेला बराच चालतो. त्याच्या पातीनं फळ देठासकट तुटतं आणि जाळीत पडतं. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि त्या फळाची किंमत उतरते. बोटभर देठावर सगळा हिशेब.

ओळखण्याचं म्हणाल तर: नुसत्या रंगावर जाऊ नका. एकसारखा पिवळाधमक आंबा दिसला की सावध व्हा. आढीत, म्हणजे पेंढ्यात, पिकलेल्या हापूसवर कुठे हिरवट, कुठे केशरी छटा राहते आणि वास हातात घेण्याआधी येतो. फार पिकला की साल सुरकुतते. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हे आहेत. तरी महामार्गावर "रत्नागिरी हापूस" लिहिलेल्या पेटीत खाली कानडी वर्तमानपत्र निघतं, मी स्वतः काढलंय. कर्नाटकचा आंबा वाईट नसतो, पण त्यानं कर्नाटकचा म्हणून यावं. पेटी घ्यायची तर वरची ओळ न बघता खालची उघडायला सांगा. विकणाऱ्याचा चेहरा बघा, तिथे कळतं.

एवढी मोठमोठी घरं कुलूपबंद का आहेत?

शहराच्या जुन्या आळ्यांत आणि आसपासच्या गावांत हा प्रश्न सगळ्यांना पडतो. जांभ्याचा चौथरा, माजघर, झोपाळा, आणि दाराला गंजलेलं कुलूप.

कारणं दोन पिढ्यांची नाहीत, चार पिढ्यांची आहेत. इथे खोती होती. सरकार आणि शेतकरी यांच्या मध्ये खोत, तो सारा गोळा करायचा आणि कुळाच्या मळणीतून वाटा उचलायचा. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडलं. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. पण त्याच्या आधीपासूनच कूळ पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेलं होतं. खोताचा मुलगाही शिकून मुंबईला गेला, कचेरीत. गिरणीवाला मनिऑर्डर पाठवायचा आणि गावातली चूल पेटायची. १९८२ च्या संपानंतर ती मनिऑर्डर थांबली. ज्या घरांनी तो काळ बघितला त्यांच्याशी बोला, तारीखवार सांगतात.

आता घरं गणपतीला उघडतात. पाच दिवस, सात दिवस, दिवे, आरत्या, मोदक, आणि पुन्हा कुलूप. एका घराला आठ वारसदार, प्रत्येकाची एकेक सही, म्हणून ना विक्री ना डागडुजी. पलीकडे त्याच गावात कातळावर नवीन "सी व्ह्यू" बंगले उभे राहतात. तेही वर्षातले फार दिवस बंदच असतात, फक्त त्यांची कुलपं चकचकीत.

पतितपावन मंदिर कुणी बांधलं? सावरकरांनी का?

कल्पना आणि चळवळ सावरकरांची, पैसा भागोजीशेठ कीरांचा. १९३१ चं मंदिर. जुन्या देवळांची दारं सगळ्यांना उघडत नव्हती, म्हणून जातपात न विचारणारं नवं देऊळ बांधलं.

भागोजी कीर याच रत्नागिरीतले, भंडारी समाजातल्या गरीब घरातले. लहानपणी मुंबईला पळून गेले तेव्हा बोटीच्या भाड्याला पैसे नव्हते असं सांगतात. तिथे सुतारकाम केलं, पुढे बांधकामाचे मोठे ठेकेदार झाले. मुंबईच्या शिवाजी पार्कची स्मशानभूमीही त्यांच्याच दानातली. आता या मंदिराच्या पायरीवर बसून विचार करा: बोटीत चोरून बसलेला एक पोरगा, ज्याच्या समाजालाही मानाची जागा सहज मिळत नव्हती, तो गावाला देऊळ बांधून देतो. रत्नदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याचं भागेश्वर मंदिरही त्यांचंच.

टिळकांचं जन्मस्थान?

टिळक आळीत. २३ जुलै १८५६. कौलारू घर, नीट राखलेलं, अर्धा तास पुरतो. विहीर बघा, अंगणात जरा बसा. मुलं कंटाळली तर झाडगावला सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राच्या मत्स्यालयात न्या, तिथे देवमाशाचा सांगाडा आहे. त्यापुढे टिळकांचं काही चालत नाही.

रत्नदुर्ग चढायला अवघड आहे का?

नाही, गाडी बरीच वर जाते. घोड्याच्या नालेसारखा आकार आणि तीन बाजूंना समुद्र. बहामनी काळातला किल्ला. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला, मग आंग्रे, पेशवे आणि १८१८ ला इंग्रज. वर भगवतीचं देऊळ. संध्याकाळी तटावरून एका बाजूला मांडवीची काळी वाळू आणि दुसऱ्या बाजूला पांढरा समुद्र म्हणतात तो पांढऱ्या वाळूचा किनारा दिसतो. खाली मिरकरवाड्याच्या बोटी, मागे शहरातले नवे टॉवर. या सगळ्याचा एकच फोटो काढायचा तर इथून काढा.

पोहायला कुठला किनारा?

भाट्ये त्यातल्या त्यात बरा, तोही स्थानिकांना विचारून. आरे-वारे दिसायला देखणा, पाण्यात जायला नव्हे. अमावास्या-पौर्णिमेला आणि पावसाळ्यात गुडघ्यापुढे जाऊ नका. दरवर्षी कुणी ना कुणी आमचं ऐकत नाही.

मिऱ्याला पोहू नका, पण जाऊन या. तिथे समुद्र गावात शिरतो. बंधारा आहे, वरून मोठमोठे दगड आणि काँक्रीटचे टेट्रापॉड टाकलेत, तरी उधाणाला लोक अंगणातली भांडी उचलून आत ठेवतात. २०२० च्या निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज तिथे येऊन रुतलं. ते बघायला गर्दी व्हायची. मागच्या घरांच्या परसात पाणी आलं ते बघायला कुणी जात नव्हतं.

खायचं कुठे?

नावं देत नाही, स्वयंपाकी बदलले की शिव्या मला बसतात. फळ्यावर खडूनं "आज" लिहून खाली मासळी लिहिली असेल तिथे जा. सुरमई सगळीकडे मिळते, त्यापेक्षा तिसऱ्या, खाडीचा पालू, बांगड्याचं तिखलं मागा. शाकाहारी असाल तर फणसाची भाजी, काजूची उसळ, उकडीचे मोदक. सोलकढी गुलाबी नको, जरा मळकी असली की खरी. सकाळी घावणे.

मराठी येत नसेल तर अडचण येईल का?

नाही. हिंदी सगळ्यांना येतं, नेपाळी आता थोडं थोडं मालकांनाही यायला लागलंय.

मासे मुंबई-पुण्याला नेता येतात का?

येतात. सकाळी धक्क्यावरून घ्या, तिथेच साफ करून घ्या, थर्माकोलच्या खोक्यात एक थर बर्फाचा, एक मासळीचा, वर पुन्हा बर्फ. खोक्याच्या सगळ्या कडांना रुंद टेप, दोनदा. आणि खोकं सीटखाली ठेवा, वर नाही. मी ते वर ठेवलं होतं. रोह्यापर्यंत काही झालं नाही. पनवेलच्या अलीकडे बर्फ वितळला, आणि खाली बसलेल्या काकांनी वर बघत विचारलं, "एसी गळतोय का हो?" मी हो म्हणालो.